साडभाऊंचा समुद्रातला पाटा

माझ्या साडभाऊंइतका दुसऱ्याला दमवणारा माणूस वैनगंगेच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडेही झाला असेल असं मला वाटत नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघे एकाच घरचे जावई, पण ते माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, त्यामुळे मी त्यांना दादा म्हणायचो आणि ते मला मास्तर. मी साकोलीला शाळेत शिकवायचो. ते आंधळगावच्या पलीकडे एका गावात तळ्याखालच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, कसायचे. साकोलीहून दोन एस.ट्या बदलून, शेवटचा तुकडा कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून मी त्यांच्या घरी पोचायचो, ओसरीवर टेकायचो, पाण्याचा लोटा तोंडाला लावायचो, की हे दारातून म्हणणार, "बसले काहून मास्तर? चला, तळं पाहून येऊ." ते तळं मी शंभरदा पाहिलं होतं. तरी उठावं लागायचं, कारण ते निघालेलेच असत.

त्यांना बसणं मंजूरच नव्हतं. बैलगाडीत ते दोन्ही पाय फाकवून उभे राहत. एस.टी.त जागा रिकामी असली तरी हे मधल्या वाटेत, वरची दांडी न धरता उभे. कंडक्टर आधी विनंती करी, मग रागवे, मग सोडून देई. वळणावर बस कलली की सगळे प्रवासी एकमेकांच्या अंगावर जात, आणि हे मात्र कमरेतून किंचित लवून, वाऱ्यात धानाची लोंबी लवते तसे, पुन्हा सरळ होत. मी एकदा कंटाळून विचारलं की यात मिळतं काय, तर म्हणाले, "बसून आदमी कुठं जाते? बसलेलाच रायते." सासुरवाडीच्या शेवटच्या लग्नात सगळ्या जावयांना खुर्च्यांवर बसवून एक फोटो काढला होता. हे खुर्चीमागे उभे राहिले. फोटोग्राफरनं बसलेल्यांचाच हिशेब धरला होता. त्या फोटोत मी आहे, बाकीचे आहेत, आणि एका रिकाम्या खुर्चीमागे साडभाऊ आहेत, पण गळ्यापर्यंतच.

दुसरं म्हणजे, जगात धानाच्या शेतीपेक्षा वेगळं काही आहे हे त्यांना पटत नसे. आगगाडीचं इंजिन त्यांना हेल्यासारखं वाटे, म्हणजे रेड्यासारखं. पाणी पाजलं की ओढतं. पुढे साकोलीत टीव्ही आला तेव्हा मी त्यांना कौतुकानं क्रिकेट दाखवायला नेलं. अर्धा तास उभ्यानं पाहून त्यांनी विचारलं की एवढी जमीन पडून आहे, तिला बांध काहून नाही घातला? नवीन काही समोर आलं की ते आधी त्यात ओळखीचं काही शोधत, आणि ओळख पटली की ती गोष्ट आपल्याला येतेच असं धरून चालत. त्यांच्या या स्वभावानं मला आयुष्यात पुष्कळ पळवलं.

आता पाट्याविषयी सांगायला हवं. रोवणीआधी, म्हणजे धानाची रोपं लावायच्या आधी, बांधीतला चिखल सारखा करायला हेल्यांच्या जोडीमागे एक लांब लाकडी पाटा ओढतात, आणि वजन म्हणून त्यावर माणूस उभा राहतो. पाय चिखलानं निसटतात, पाटा मधेच कशाला तरी अडून उसळतो, आणि नवखा माणूस तोंडावर आपटतो. साडभाऊ तीस वर्षांत त्यावरून पडले नव्हते. वाऱ्यात पाट्यावर उभ्यानं विडी पेटवणारा माणूस म्हणून त्यांना चार गावं ओळखत. त्यांच्यापाशी दुसरी कसली मिरवण्याजोगी गोष्ट नव्हती, आणि हवीही नव्हती.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. धान घरात आलं, माघ लागला, आणि दोघी बहिणींनी जगन्नाथपुरी काढली. आम्ही चौघे वरठीला गाडीत चढलो, खरगपूरला गाडी बदलली, देवदर्शन केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रावर गेलो. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. बहिणी लुगडी सावरून घोटाभर पाण्यात हसत उभ्या होत्या. साडभाऊंनी एक ओंजळ तोंडात घेतली, थुंकली आणि पाणी लय आहे पण कामाचं नाही, असा निकाल देऊन ते तिथून हलायच्या बेतात होते. तेवढ्यात त्यांना तो गोरा दिसला.

उकडलेल्या झिंग्यासारखा लाल, केस खांद्यापर्यंत, अंगावर नुसती चड्डी. तो एका लांब फळीवर पालथा पडून आत जाई, आणि लाट आली की झटकन उभा राहून तिच्यावरून किनाऱ्याकडे घरंगळत येई. आम्हाला ते चमत्कारासारखं वाटलं. साडभाऊंना नाही. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग माझा दंड धरून म्हणाले, "मास्तर, हा पाटा आहे." मी थकून विचारलं की मग हेले कुठं आहेत. ते म्हणाले, "हेले पाण्याखाली."

पुढची पाच मिनिटं माझ्या नोकरीच्या पंचवीस वर्षांपेक्षा अवघड गेली. मला त्या माणसासमोर उभं करून साडभाऊंनी आपली थोरवी मराठीत सांगितली आणि मी सातवीच्या पुस्तकातल्या इंग्रजीत त्याला कळवलं की हे शेतकरी आहेत आणि हेसुद्धा उभे राहतात. तो मनापासून हसला आणि त्यानं फळी देऊन टाकली. साडभाऊंनी धोतराचा काचा मारला, कमरेइतक्या पाण्यात गेले आणि फळीवर सरळ चढायला लागले. पहिल्या लाटेनं त्यांना उलटं केलं. दुसरीनं फळी त्यांच्या डोक्यावरून नेली. तिसरीनं त्यांचं धोतर सोडून घेतलं. पाचव्यांदा ते लंगोटीवर, नाकातोंडातून पाणी गाळत बाहेर आले, तेव्हा त्यांची बायको, जिला मी बाई म्हणत असे, पदरात तोंड खुपसून बसली होती. ती रडत होती की हसत होती ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही.  परतीच्या वाटेवर खरगपूरला साडभाऊ म्हणाले की त्या पाट्यात काहीतरी खोट आहे.

इथवर ही गोष्ट हसण्यावारी नेता आली असती. पण त्याच आषाढात, बायकोला बहिणीकडच्या माहेरपणाहून आणायला मी साडभाऊंच्या गावी गेलो होतो, तेव्हा बांधीत चिखल सारखा करायचं काम चाललं होतं. मी बांधावर छत्री घेऊन होतो. साडभाऊ नेहमीसारखे पाट्यावर चढले, हेले निघाले, आणि अर्ध्या बांधीत त्यांचा उजवा गुडघा आपोआप वाकला. काही अडलं नव्हतं, पाटा उसळला नव्हता. ते तसेच बाजूला चिखलात बसले, जसा एखादा दमलेला माणूस बसतो. त्यांचा मुलगा धावत आला. सत्तावीस वर्षांचा, फार सालस, बापाशी डोळा वर करून न बोलणारा. त्यानं त्यांना उठवलं, तोंडावरचा चिखल आपल्या दुपट्ट्यानं पुसला, हातातला कासरा घेतला आणि हळू म्हणाला, "बाबा, आता तुमी बांधावर बसत जा." त्यात अपमान नव्हता, माया होती. साडभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना एस.टी.त बसवायला कंडक्टरला जमलं नव्हतं, फोटोग्राफरला जमलं नव्हतं. मी छत्री त्यांच्यावर धरली. ते पाट्याकडे पाहत होते आणि मी दुसरीकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ते सुताराकडे गेले आणि सावरीच्या लाकडाचा साडेचार हात लांब पाटा करायला सांगून आले. सावर हलकी असते, पाण्यावर तरंगते, पण शेतात तिचा पाटा टिकत नाही, म्हणून सुतारानं विचारलं की कोणत्या जोडीसाठी. समुद्राच्या, असं यांनी सांगितलं. सुतारानं फळी केली, एका टोकाला निमुळती तासली, दोन्ही अंगांना डांबर फासलं, आणि हा माणूस गुडघ्यावर नाही, डोक्यावर पडला होता, असं गावभर सांगितलं.

श्रावणातले माझे चारही रविवार त्या फळीनं खाल्ले. बाईचा निरोप यायचा की हे तळ्यात उतरणार आहेत, तुम्ही या, आणि मी दोन एस.ट्या बदलून जायचो. पहिल्या रविवारी त्यांनी फळीला दोर बांधून दोर हेल्यांच्या गळ्यात अडकवला. हेल्यांनी काठाकाठानं चालावं आणि फळीनं मागून यावं असा बेत होता. हेले पाण्यात शिरले आणि नाकापर्यंत खाली बसले. श्रावणातल्या दुपारी तळ्यात बसलेला हेला उठवणं माणसाच्या हाती नसतं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांची वाट पाहिली. दुसऱ्या रविवारी हेल्यांच्या जागी मला लावलं. मी दोर खांद्यावर घेऊन तळ्याच्या पाळीवरून ओढत पळायचो, ते फळीवर गुडघे टेकून उठायचा प्रयत्न करायचे आणि पडायचे. मला पोहता येत नाही, ते पडले की मी नुसता त्यांच्या नावानं हाका मारत उभा राहायचो. ते वर येऊन म्हणायचे, "धाप काहून लागून राहिली मास्तर? अजून तं सुरूच नाई झालं." मुलं पाळीवर बसून मोजायची. त्यांचा मुलगा एकदा येऊन लांबून पाहून गेला.

चौथ्या रविवारी तळं तुडुंब भरून सलंगेवरून वाहत होतं. तळ्याचं जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या दगडी सांडव्याला आमच्याकडे सलंग म्हणतात. साडभाऊंना तिथं लाट सापडली. मी नाही म्हणालो, दोर सोडणार नाही म्हणालो. त्यांनी माझ्या हातून दोर काढून घेतला. फळी सलंगेवरून गेली, ते फळीच्या मागून गेले, आणि मी पाळ उतरून पोचेपर्यंत ते तीन बांध्या खाली, दुसऱ्याच्या ताज्या रोवलेल्या धानात उताणे पडून ढगांकडे पाहत होते. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. धान मात्र अर्धी बांधी झोपलं होतं. बांधीचा मालक भला माणूस होता, तो म्हणाला, जाऊ द्या. साडभाऊंनी जाऊ दिलं नाही. पुढचे दोन दिवस ते रोवणाऱ्या बायांच्या ओळीत वाकून एकेक रोप पुन्हा लावत होते. बायांनी त्या दोन दिवसांत इतकं हसून घेतलं की काम उशिरा संपलं, असं बाईनं मला सांगितलं. या खेपेला ती पदराआड लपली नाही.

माघ आला आणि ते पुन्हा पुरीला निघाले, एकटे. मला वाटलं बाई अडवेल. तिनं मलाच बोलावून घेतलं, ताट वाढलं आणि माझं जेवण झाल्यावर म्हणाली, "मास्तर, तुमी संग जा. बुडाले तं मले येऊन सांगणारं कोणी पायजे." मी घरच्या माणसाची प्रकृती असं कारण लिहून शाळेतून आठ दिवसांची रजा काढली. कुणाची प्रकृती ते लिहिलं नाही. त्या वेळी माझीच बरी नव्हती.

फळी गाडीत न्यायची म्हणून बाईनं ती जुन्या वाकळीत गुंडाळून तीन ठिकाणी बांधून दिली होती. ती आम्ही दोघांनी पुढून-मागून खांद्यावर घेऊन वरठीच्या फलाटावर नेली, तेव्हा लोक आपोआप बाजूला झाले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. डब्यात आम्ही ती वरच्या फळकुटावर ठेवली, आणि रायपूर येईपर्यंत आमच्या समोरचा बाक रिकामा झाला. एका बाईनं मला हळूच विचारलं की कोण होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण खरं सांगणं फार लांबलं असतं, म्हणून नुसती मान हलवली. साडभाऊ दाराशी उभे होते. खरगपूरपर्यंत मी पाय पसरून झोपलो. त्या फळीनं मला दिलेलं एवढंच सुख.

पुरीला तो गोरा नव्हता. असेल असं साडभाऊंनी का धरलं होतं कोण जाणे. पहिले दोन दिवस ते एकटेच पडत राहिले. मी वाळूवर धोतर आणि पंचा सांभाळत बसायचो. तिसऱ्या सकाळी तिथला एक कोळी, वेताची टोकदार टोपी घातलेला, यांच्याच वयाचा, आपली होडी सोडून आमच्याकडे आला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्याला. त्यानं साडभाऊंच्या हातून फळी काढून घेतली, वाळूवर ठेवली, त्यांना खांदे दाबून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मग समुद्राकडे बोट करून तो एकेका लाटेला मान हलवू लागला. ही नाही. ही नाही. हीसुद्धा नाही. मग एखादीला हात वर करायचा. साडभाऊ दोनदा उठायला गेले, त्यानं दोनदा खाली ओढलं. ती पूर्ण सकाळ ते बसून होते. दुपारी खानावळीत ते म्हणाले की शेतात हेला आपल्या हाकेनं निघतो, अठी समुद्रात आपण त्याच्या हाकेनं निघाचं असते. त्यांनी कुणाकडून काही शिकल्याचं मी प्रथमच ऐकत होतो.

चौथ्या दिवशी ते गुडघ्यांवर आले. कोळी पाण्यात उभा राहून त्यांची हनुवटी वर करायचा. खाली फळीकडे नाही, समोर काठाकडे पाहायचं. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं हात वर केला, फळीला मागून रेटा दिला, आणि साडभाऊ उभे राहिले.

मी ते पाहिलं. लाट मोठी नव्हती, माझ्या छातीइतकी असेल. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, गुडघे वाकलेले, दोन्ही हात दोन कासरे धरल्यासारखे पुढे, आणि तोंड उघडं. मनातल्या मनात दहा मोजून होतील एवढा वेळ ते तसे माझ्याकडे येत राहिले. मी कधी उठलो आणि पाण्यात शिरलो ते मला ठाऊक नाही. मग उजवा गुडघा वाकला आणि ते बाजूला बसले, आषाढात बसले होते अगदी तसेच. पाणी तिथं मांडीइतकंच होतं. मला वाटलं आता ओरडतील, नाचतील, मला मिठी मारतील. ते बसूनच राहिले. मागून येणारं पाणी त्यांना थोडं थोडं पुढे ढकलत होतं. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "रायलो न उभा? पायलं न तुमी?" मी हो म्हणालो. मग पाण्यातच आपला गुडघा चोळत म्हणाले, "पण पोरगं खोटं नाई बोललं, मास्तर. आता हे माह्यं काम नाई." आवाजात दुःख नव्हतं. दिवसभर ओझं वाहिल्यावर माणूस जसा बोलतो तसे ते बोलत होते. मला त्या क्षणी त्यांचं वय दिसलं, आणि लगेच माझंही.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. बांधावर बसायला लागले, आणि तिथून मुलाला इतक्या सूचना करायचे की त्यांना पाट्यावरच उभं करावं असं त्याच्या मनात यायचं, हे त्यानंच मला सांगितलं. पुरीत उभे राहिल्याची गोष्ट त्यांनी गावात क्वचितच सांगितली. पडल्याच्या गोष्टी मात्र तिखटमीठ लावून सांगत, आणि बाई शेजारी बसून राहिलेलं मीठ घाली. ते गेले तेव्हा मी साकोलीहून दोन एस.ट्या बदलून गेलो. ओसरीवर टेकलो, पाण्याचा लोटा तोंडाला लावला. कुणीही मला उठवलं नाही.

मला आठवते ती पुरीतली आमची शेवटची सकाळ. दुपारची गाडी होती. फळी त्या कोळ्याला देऊन टाकायचं ठरलं होतं. सामान बांधून आम्ही ती त्याला द्यायला म्हणून गेलो, तर तो अजून समुद्रातून परतला नव्हता. साडभाऊंनी समुद्राकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि मला सदरा काढायला सांगितलं. मी म्हणालो, दादा, मला पोहता येत नाही, मी दमलोय, गाडीची वेळ होईल. ते पाण्यात निघालेलेच होते. कमरेइतक्या पाण्यात त्यांनी मला फळीवर पालथं घातलं. डांबराचा वास नाकात शिरत होता आणि मी दोन्ही कडा गच्च धरल्या होत्या. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाले, "सालभर दोर धरून रायले तुमी. आता घडीभर काही नका धरू."

बराच वेळ आम्ही तसेच थांबलो. लाटा येत होत्या आणि ते जाऊ देत होते. त्यांचा तळहात माझ्या पाठीवर, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधोमध होता, खरबरीत, थंड. मग फळी मागून उचलली गेली, तो हात एकदा जोरानं पुढे झाला, आणि मग पाठीवर हात नव्हता, नुसतं ऊन होतं, आणि वाळू माझ्याकडे येत होती.